दोन बोल्टांवरची सीट

शेजारचा नितीन आज आपल्या जुन्या गाडीत भंगारवाल्याकडून आणलेली सीट बसवत होता. “काका, बसून बघा, नुसता सोफा आहे!” मी वाकून बोल्ट मोजले. दोनच. “बाकीची भोकं जुळत नाहीत,” तो हसला, “आणि सीट काय पळून जातेय?”

माझ्या गॅरेजात मीही सदाला, माझ्या मित्राला, हेच म्हणालो होतो. त्याच्या छोट्या गाडीत मोठ्या गाडीची मखमली सीट मी अशीच बसवली. पुढे एकदा घाटात मी माझ्या गाडीने त्याच्या मागेच होतो. तो सावकाश चालला होता. ट्रक समोरून येऊन आदळला, सीट उखडली आणि सदाची छाती स्टिअरिंगवर चिरडली. पत्रा कापून त्याला काढताना ते तुटलेले बोल्ट मी पाहिले. त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, मात्र सांगितलं, “गाडी पिसाटासारखी हाकत होता.”

मऊ गादीला माणूस किती पटकन भुलतो! ती कशावर उभी आहे, हे वाकून कोण बघतं?

नितीनच्या हातातला पाना मी हिसकावला. “काका, झालं काय?” पाना घेऊन घरी आलो आणि हे पत्र लिहायला बसलो. सुमनवहिनी, सदा वेगात नव्हता. ती सीट मी बसवली होती.