फादरची दुसरी वाटी

फादर आमच्या घरून जिवंत परत गेले, याचं श्रेय आमच्या माठाला आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कळमनुरीजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं पाच. महिन्यातून एकदा फादर मोटारसायकलवर यायचे, आमच्या ओट्यावर मिस्सा म्हणजे प्रार्थनाविधी करायचे आणि आमच्याकडेच जेवायचे. त्या रविवारी आईनं मटण चुलीवर चढवलं आणि मला म्हणाली, "रश्शाकडं बघ जरा." नुसतं बघावं ना! मी मूठभर मीठ टाकलं. (आईनं आधीच टाकलं होतं.) चव घेतली आणि डोळ्यांपुढं समुद्र आला. मराठवाड्यात!

सांगायची हिंमत होईना. मग डोकं चालवलं. मिस्सेआधी फादर गोठ्यामागं खुर्ची टाकून एकेकाची पापं ऐकायचे. मी गुडघे टेकले. "फादर, रस्सा मी खारट केला. घरात सांगितलं न्हाई." म्हटलं, पापही सुटेल आणि फादर सावध होऊन जेवण टाळतील!

फादरनी क्षमा दिली, "घरी खरं सांग" म्हणाले आणि मिस्सा आटोपून थेट ताटावर बसले. पहिला घास. चेहरा कोरा. "ताई, थोडा रस्सा वाढा."

"आवडला वाटतं फादरला!" माझ्या बायकोनं वाटी काठोकाठ भरली.

तेव्हा मला धर्मशिक्षणाचा धडा आठवला. कबुलीत ऐकलेलं फादर जीव गेला तरी बोलत नाहीत. एवढंच नाही, ते माहीत असल्यासारखं वागतही नाहीत! माझ्यासमोर एक माणूस माझं पाप वाटीवाटीनं पीत होता.

मग बायकोनं चाखलं. "अगं माय! आत्याबाई, मीठ कितींदा टाकलं?"

"एकदाच गं," आई म्हणाली.

"दिसंना तर चुलीपाशी येताव काहून? आजपासून चूल माझी!"

आईचा चेहरा उतरला. तिनं पिशवी उचलली. "मी जाते डोंगरकड्याला, लेकीकडं."

मी घाबरून म्हणालो, "फादर, तुमी तरी सांगा ना!"

"काय सांगू?" फादरनी तिसरा तांब्या तोंडाला लावला.

बायकोनं मान वळवली. "व्हय, फादरनं काय सांगायचं?"

"मीठ मी टाकलं!" मी ओरडलोच.

आईनं पिशवी ठेवली आणि उलथनं उचललं.

फादर निघाले तेव्हा मी हळूच विचारलं, "सकाळपासून माहीत होतं, तरी दोन वाट्या काहून?"

किक मारत ते म्हणाले, "सकाळी? सकाळी काय झालं होतं?"

मी हात जोडून उभाच राहिलो. गोष्ट पोटात ठेवणं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं!

त्याच भारावलेल्या मनानं घरात आलो आणि आणखी एक जुनं पाप, कुणाला न सांगण्याच्या बोलीवर, बायकोला सांगून टाकलं. पुढच्या आठवडी बाजारात एका अनोळखी माणसानं मला त्याबद्दल क्षमा केली.