अण्णांच्या बिडीवर बंदी

माझ्या वडिलांना सार्वजनिक ठिकाणी बिडी ओढताना रंगेहाथ पकडण्याचा मान आमच्या गावात मला मिळाला.

गाव येरमाळ्याच्या अलीकडचं. तिथल्या शाळेत मी मास्तर आणि ग्रामपंचायतीच्या धूम्रपानबंदी समितीचा अध्यक्ष. (दुसरं कुणी तयारच झालं नाही.) ठराव असा, की एसटी थांब्यावर, पारावर, देवळापुढं बिडी ओढली की पंचायतीच्या भोंग्यावरून नाव पुकारायचं! पहिल्याच आठवड्यात पारावर सापडले कोण? आमचे अण्णा! शेजारी त्यांचे जिवलग जगूनाना. नानांची बिडी विझलेली होती, म्हणून ते सुटले.

"अण्णा, नियम आहे."

"आरं, माझ्या छातीतला धूर माझा का पंचायतीचा?"

"बाहेर सोडला की सगळ्यांचा! शेजारच्याच्या नाकात जातो."

"शेजारी नाना हाय. त्येच्या नाकात ल्हानपणापासून जातुय, त्यानं कवा तक्रार केली न्हाय!"

कायदा सगळ्यांना सारखा, हे दाखवायची संधी मी सोडतो होय! भोंग्यावरून अण्णांचं पूर्ण नाव घेतलं, वर 'हे माझे वडील' असंही सांगितलं. चौकात टाळ्या पडल्या. अण्णा मात्र त्या दिवसापासून पारावर गेले नाहीत. घरात माझ्या बायकोची बंदी (नातवंडांना खोकला), म्हणून ते काठी टेकत शेतात जायचे आणि बांधावर एकटेच ओढत बसायचे. नानांच्या गुडघ्यांना तिथवर चालवत नव्हतं. अशी तीन वर्षं गेली. मग अण्णांची छाती भरली आणि ते गेले. डॉक्टर म्हणाले, बिडीनंच. म्हणजे माझं बरोबरच होतं! पण ते ऐकवायला अण्णा नव्हते, आणि मला रडू आवरेना.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे आले आणि थेट समितीच्या फलकावर बसले. (सात फलक छापून आले, जागा सहाच होत्या, उरलेला मी घाटावर ठोकला होता.) तास गेला, कावळा काही शिवेना. ऊन चढलं, माझं ताजं मुंडण तापलं. थोरली बहीण अक्का हात जोडून म्हणाली, "अण्णा, तुमच्या म्हशीला म्या संभाळते!" कावळे ढिम्म. धाकटा भाऊ ओरडला, "अण्णा, आमी वाटणीवरनं भांडणार न्हाय!" त्यावर एक कावळा तर उडूनच गेला!

शेवटी जगूनानांनी कोपरीतून बिडीचं बंडल काढलं. "निवदात ही कुठं हाय? इसरलाव व्हय?"

"नाना, हे सार्वजनिक ठिकाण आहे," मी पुटपुटलो.

"आता तरी गप बस रं!" अक्का कडाडली.

पिंडापुढं बिडी ठेवली. कावळ्यांनी मान वाकडी करून पाहिलं, पण जागचे हलले नाहीत.

"कोरडी बिडी अण्णानं कवा वढली का? पेटवा," नाना म्हणाले.

मी काडी ओढून बिडीच्या टोकाला धरली. पेटेना. दुसरी काडी, तिसरी काडी.

"झुरका घेतल्याबिगर बिडी पेटत न्हाय, गुर्जी," नाना मला म्हणाले.

सगळं गाव बघत होतं. चकचकीत डोक्याचा अध्यक्ष आपल्याच फलकाखाली बसून झुरका घेतो आहे! असा ठसका लागला, की भटजी दोन पावलं मागं सरकले. त्या ठसक्यातच तोंडून निघालं, "अण्णा, चुकलो. भोंग्यावर तुमचं नाव घ्यायला नको होतं."

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. लोकांनी नमस्कार केला आणि भराभरा उठले, सगळ्यांना भुका लागल्या होत्या.

"आता इझवा की," नाना हळूच म्हणाले.

मी विझवली नाही. बोटाला चटका बसेपर्यंत बिडी धरून तिथंच बसून राहिलो. समितीची सबंध नियमावली मला तोंडपाठ होती. बिडी ओढणाऱ्या बापाशेजारी बांधावर जाऊन बसायला तिच्यात कुठंही मनाई नव्हती. तीन वर्षांत एवढं माझ्या लक्षात आलं नाही, आणि नियमावली लिहिली कुणी? मीच!