अक्कांच्या कोंबड्या आणि श्रावण

घरी कोंबड्या असल्या की अंडी साठतात आणि शेजारी अक्का असल्या की किस्से साठतात. अंडी निदान सडतात तरी, हे किस्से माझ्या डोक्यातून जातच नाहीत! म्हटलं, सांगून टाकावेत.

पाचोऱ्यात आमच्या घराला लागूनच अक्कांचं घर. घरात त्या, त्यांचे यजमान नाना आणि सून रेखा. मुलगा सुरतला कामाला. मागच्या अंगणात मात्र कोंबड्याच कोंबड्या.

*

अक्कांच्या फ्रिजमध्ये देवाच्या नैवेद्याचं दूध असतं, म्हणून अंड्यांना तिथे नो एंट्री! अंडी बाहेर, माठाखालच्या ओल्या वाळूत. एरवी ठीक, पण आपल्याकडचा मे महिना! वाळूसुद्धा तापते.

समोरच्या भाडेकरू मास्तरांनी एकदा ऑम्लेटसाठी अक्कांकडचं अंडं फोडलं, तर आत अर्धवट झालेलं पिल्लू! मास्तर भांडं घेऊन तणतणत आले.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, तुम्हले अंडं चालस ना? मंग हाई तं कोंबडी शे. फायदाच झाया तुम्हना!"

*

अंडी फार साठली की अक्का पाण्याची बादली घेऊन बसायच्या. तळाला आडवं पडलं ते ताजं, ते नानांचं. वर तरंगलं ते उकिरड्यावर. आणि तळाला टेकून उभं राहिलं ते जुनं, पण खाण्याजोगं. ते रेखाचं.

मी तिला म्हटलं, "अगं, कधीतरी ताजं मागून घे की!"

ती म्हणाली, "वहिनी, मन्हं अंडं बी मन्हासारखंच शे. दिनभर उभं!"

तेव्हा मी खो खो हसले होते. आता नाही हसू येत.

*

मग रेखाला दिवस गेले. रक्त कमी निघालं, तेव्हा दवाखान्यातल्या मॅडमनी रोज दोन अंडी खायला सांगितली. आणि नेमका श्रावण लागला.

श्रावणात अक्कांच्या घरी अंड्याचं नावही काढायचं नाही. पण कोंबड्यांना कोण सांगणार? त्यांची ड्यूटी चालूच! वाळू भरली, टोपल्या भरल्या, शेवटी कोठीतल्या ज्वारीत अंडी खुपसून ठेवली.

अक्का रेखाला म्हणाल्या, "मॅडमले सांग, श्रावण शे."

रेखा एवढी साधी, तिने पुढच्या तपासणीला खरंच जाऊन सांगितलं. मॅडम भडकल्या. "मग बाळालाही सांग, पोळ्यानंतर वाढ म्हणावं!"

हे मला सांगताना रेखाने पोटावर हात धरला होता.

*

अक्कांचा कुत्रा रॉकी. त्याला मात्र श्रावणातही रोज उकडलेलं अंडं. मुकं जनावर, त्याला कसला उपास! उकडायचं कोणी? रेखाने. अंगणातल्या चुलीवर, सात महिन्यांचं पोट घेऊन.

मी कुंपणावरून हळूच म्हटलं, "एखादं टाक ना तोंडात!"

"कशी टाकू? नाना ओट्यावर बसीसन देखतस, रॉकीनं पोट भरनं का नई."

मला असा संताप आला! नानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "या घरात कुत्र्याच्याच जन्माला यावं बाई!"

नाना कौतुकाने रॉकीला थोपटत म्हणाले, "नशीब शे त्यानं!"

*

आमच्याकडे श्रावण-बिवण नाही. मी सरळ दोन अंडी उकडली, वाटीत झाकून नेली आणि म्हटलं, "अक्का, ही रेखासाठी. आमच्या चुलीवरची आहेत, तुमची चूल बाटत नाही."

अक्कांनी हात पुढे केला. वाटी घेतली. मला वाटलं, चला, जिंकलो!

संध्याकाळी वाटी परत आली. माझी दोन उकडलेली तशीच, वर त्यांच्याकडची चार कच्ची. सोबत निरोप, "रिकामी वाटी पाठवत नसतात."

रेखाच्या पोटात एकही गेलं नाही आणि माझ्या घरी मात्र भर पडली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले.

*

पोळ्याच्या आधीच, दिवस भरायच्या आत, रेखाला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्सने जळगावला नेलं. अक्का पुढे, मी मागे रेखाचा हात धरून. तिचा हात पांढराफटक पडला होता.

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. इकडे रेखाला रक्त चढवत होते आणि ती डोळेही उघडत नव्हती.

तिथल्या डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. कागद बघितले, रेखाच्या पापण्या उलटून बघितल्या आणि अक्कांकडे वळल्या.

"आजी, हिच्या अंगात रक्तच नाही हो. परिस्थिती फार वाईट आहे का तुमची? अंडी-बिंडी परवडत नाहीत का घरात?"

भरल्या वॉर्डात असा प्रश्न! बाया माना वळवून बघायला लागल्या. अक्का अपमानाने लालबुंद झाल्या. पदर सावरून उठून उभ्याच राहिल्या.

"परवडत नई? ओ मॅडम, ढीग शे आमना घर अंड्यांना! परवाच खड्डा करीसन बठ्ठी अंडी मातीमा पुरी टाकी!"