बसंतीबाईचा दिवा

बसंतीबाई, ममता हे तुला वाचून दाखवेल. मध्ये तिला टोकू नकोस. लेकीकडे आर्णीला जाऊन बसलीस, आता इथली पोरं मला विचारतात, बुरुजावर दिवा कोण लावायचं? तेच लिहितेय. आवडो न आवडो, ऐक.

पैनगंगेच्या उंच दरडीवर कंदीलबुरूज होता. पूर्वी तांड्याचे लदेणीचे बैल धान्य, मीठ लादून यायचे, तेव्हा नदीचा उतार, पाण्यातून ओलांडायची उथळ जागा, सापडावा म्हणून वर दिवा लागे. पूल झाला, बैल गेले, दिव्याची गरज संपली. बसंतीबाईची सवय मात्र संपली नाही. सासूनं हातात दिलेला दिवा ती रोज तिन्हीसांजेला लावायची. शेजारच्या निवृत्त मास्तरीण इंदुताई, म्हणजे मीच, म्हणायच्या, "कोणासाठी गं?"

"नदीले दिसते नं," ती म्हणायची.

नदीला दिसत असेल, पण नदी दरड खातच होती. पेरणीच्या तोंडावर उमरखेडहून एक तरुण साहेब पाहणीला आला. कोल्हापूरकडचा. "बाई, आता बुरुजाजवळ जाऊ नका," म्हणाला.

बसंतीबाईनं विचारलं, "मंग दिवा वाढवू का, सायेब?"

"वाढवा की! झकास दिसंल," म्हणून तो जीपमध्ये बसला.

त्या संध्याकाळी बुरूज काळा. इंदुताई तरातरा तिच्या दारात. "काहून गं, दिवा नाही लावला?"

"सायबानं वाढवाले सांगतलं." ती पदरानं डोळे पुसून राह्यली होती. "हासून सांगतलं, ताई. इतकं हासाचं काय होतं?"

इंदुताईंनी कपाळावर हात मारला. "अगं येडे, आपल्याकडं दिवा वाढवणं म्हणजे विझवणं. त्याला वाटलं, तू मोठा दिवा लावणार! ऊठ, लाव."

"तुमाले काय माहीत त्याच्या मनात काय होतं? सरकारी माणूस. त्यानं सोता म्हटलं, तर लावीन."

"मग जाऊ उमरखेडला. मी विचारते, तू ऐक."

"पेरणी होऊ द्या."

पेरणी झाली. मग इंदुताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मग निंदण, शेतातलं तण काढणं. रोज दोघी अंगणात चहा घेत अंधाऱ्या बुरुजाकडे बघायच्या आणि दुसऱ्याच गोष्टी बोलायच्या.

श्रावणात पूर आला. भर दुपारी दरड सुटली आणि बुरूज बसल्यासारखा खाली गेला. आवाजही फार झाला नाही. इंदुताईंनी बसंतीबाईचा हात धरला.

"दिव्याबिना गेला, ताई."

"हो."

"सायबाले इचारा लागते. त्यानं खरंच विझवाले सांगतलं होतं, का मीच..."

इंदुताईंना उत्तर माहीत होतं, आणि आता बुरूज गेल्यावर साहेबाच्या तोंडून तेच तिला ऐकवायचं नव्हतं. तरी म्हणाल्या, "सोमवारच्या बसनं जाऊ."

रविवारी ममता गाडी घेऊन आली. दरड आता घराकडे सरकत होती, आईला तिथे ठेवायला ती तयार नव्हती. गाठोडी चढली. खिडकीतून बसंतीबाई म्हणाली, "तुमी एकट्या नका जाजा. मी आल्यावर जाऊ."

इंदुताई एकट्या गेल्या नाहीत.