सोवळ्यातले उंदीर

माझ्या आत्याच्या दिरांइतका सोवळा माणूस अख्ख्या काशीत नव्हता, आणि त्यांची सगळी हयात उंदरांच्या लेंड्या काढण्यात गेली. ब्रह्मा घाटावरच्या वैदिक घराण्यात जन्मलेले हे गृहस्थ लहानपणी पाठशाळेत बसले खरे, पण आवाज असा फाटका की गुरुजींनी हात टेकले. मग कोणाच्या तरी ओळखीने ते विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात चिकटले आणि तिथल्या अ‍ॅनिमल हाऊसचे, म्हणजे प्रयोगांसाठी पाळलेल्या उंदीर-सशांच्या घराचे, सर्वेसर्वा झाले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सांगलीहून पीएच.डी. करायला बनारसला निघालो तेव्हा आई म्हणाली, "काही लागलं तर आत्या आहे, विद्यापीठात तिचे दीर आहेत." मला काही लागणार नाही अशी माझी खात्री होती. मी एम.एस्सी.ला पहिला आलो होतो, आणि त्या वयात माणसाला तेवढे पुरते.

हे काका रोज पहाटे गंगेत बुडी मारून, सायकलच्या हँडलला गंगाजलाची बरणी लटकवून विद्यापीठात येत. अ‍ॅनिमल हाऊसच्या दाराशी चपला काढायच्या, हातपाय धुवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे, हा त्यांचा नियम शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना सारखा लागू होता. एकदा विभागप्रमुख दिल्लीच्या पाहुण्यांना घेऊन आले आणि सगळे बुटांसकट उंबऱ्यापर्यंत पोचले. काका दारात आडवे झाले. "साहब, जूता बाहर. भीतर बालबच्चेवाली है," ते म्हणाले. आदल्या दिवशी एक उंदरीण बाळंत झाली होती. दिल्लीचे पाहुणे मुकाट्याने मोजे काढू लागले, आणि विभागप्रमुखांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे ही बातमी तासाभरात विभागभर झाली. मी तेव्हा या प्रकाराला खूप हसलो होतो. दर पावसाळ्यात इतर विभागांतले उंदीर साथीने पटापट मरत आणि आमचे ठणठणीत राहत, याचा आणि त्या मोज्यांचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आले नाही.

त्यांच्या हिशेबी मराठी ही घरात बोलायची भाषा होती. त्यामुळे बाहेरच्या जगाशी ते हिंदीत बोलत आणि उंदरांशी मराठीत. घाटावरचे पुरोहित यजमानांच्या वंशावळी लिहितात तशी एक लांबट, लाल कापडात बांधलेली वही त्यांनी उंदरांसाठी केली होती. कोणताही पिंजरा दाखवा, ते त्यातल्या उंदराच्या बारा पिढ्या सांगत. एकदा मी त्यांना म्हणालो की प्रयोगासाठी एकाच रक्ताचे उंदीर लागतात, सख्ख्या बहीणभावाची जोडी एका पिंजऱ्यात ठेवा. त्यांनी हातातली वही मिटली. "सख्खे बहीणभाऊ?" ते म्हणाले. "शिकून आलायस ना रे तू?" त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी हिंदीत बोलले.

माझा विषय होता बेलफळाच्या अर्काचा उंदरांच्या आतड्यातल्या जंतूंवर होणारा परिणाम. अर्ध्या उंदरांना अर्क पाजायचा, अर्ध्यांना साधे पाणी. दर आठवड्याला त्यांच्या लेंड्या तपासायच्या आणि ठरावीक शुक्रवारी काही उंदीर मारून आतडी तपासायची. कोणते मारायचे त्यांची यादी मी गुरुवारी सकाळी अ‍ॅनिमल हाऊसच्या दारावर चिकटवत असे. काम कंटाळवाणे होते, अर्काचा परिणाम काही दिसत नव्हता, आणि अशातच मला एक शोध लागला. मारलेल्या उंदरांच्या आतड्यातला अंश काचेच्या बशीत वाढवला की त्यात पिवळे ठिपके उगवत, म्हणजे कोणत्या तरी निराळ्याच जंतूची वाढ होई. आश्चर्य असे की त्याच उंदरांच्या आधीच्या लेंड्यांत हा जंतू नसे. यादीत नसलेल्या उंदरांतही नसे. अर्क पिणारा असो वा पाणी पिणारा, ज्याचे नाव यादीत लागले त्याच्या पोटात पिवळा जंतू हजर!

यावरून कोणत्याही शहाण्या माणसाने काय ताडले असते? की यादी लागल्यावर त्या उंदरांच्या बाबतीत कोणीतरी काहीतरी करते आहे. मी काय ताडले? की उंदरांना मृत्यूची चाहूल एक दिवस आधी लागते आणि त्या धक्क्याने त्यांच्या आतड्यातली जंतुसृष्टी पालटते. या सिद्धांतावर मी विभागात तासभर भाषण केले. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले, उंदरांना यादी वाचता येते का? मी त्याच्याकडे दयेने पाहिले. आमचे गाईड अलाहाबादचे, फार सौम्य गृहस्थ. तेसुद्धा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बात में दम है." त्या जंतूला माझे आडनाव लावले तर लॅटिनमध्ये कसे दिसेल, हे मी वहीच्या मागच्या पानावर चारपाच तऱ्हांनी लिहून पाहिले होते.

मग एका शुक्रवारी एका उंदराच्या जठरात मला हिरवे पान सापडले. आदल्या दुपारपासून उपाशी ठेवलेल्या उंदराच्या पोटात पान! क्षणभर मला वाटले, हाही शोधच. मग मी ते चिमट्याने उचलून नाकाशी नेले. तुळस होती.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी चपला काढून, आवाज न करता अ‍ॅनिमल हाऊसमध्ये शिरलो. काकांच्या एका हातात माझी यादी होती, नाकावर चष्मा. पिंजऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करून ते त्यांत बरणीतले गंगाजल भरत होते. "बावीस नंबर, ये बाळा," त्यांनी एका उंदराला तळव्यावर घेतले आणि त्याच्या तोंडाशी तुळशीचे पान धरले. "उद्या जायचंय. घाबरायचं नाही." बावीस नंबर मिटक्या मारत पान खाऊ लागला.

"काका, हे काय चाललंय?"

"जरा थांब. आठ जण उरलेत."

"कधीपासून करताय हे?"

"नेहमीच करतो. तुझ्या आधीच्या पोरांच्या उंदरांचंही केलं."

विभागातल्या वीस वर्षांच्या प्रबंधांचे काय झाले असेल, हा विचार मी मुद्दाम केला नाही. मी ओरडलो, "अहो, त्या पाण्यात जंतू असतात!"

"गंगेत?" ते म्हणाले. मी त्यांच्या आईला शिवी दिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग तो हळूहळू बदलला. माझ्या भाषणाच्या वेळी पडद्यावर चित्रे दाखवायचे यंत्र त्यांनीच सांभाळले होते. "तुझे ते पिवळे ठिपके... यामुळे आले?"

मी होकारार्थी मान हलवली.

"बेचारे काशीत मरतात, आणि तोंडात पाण्याचा थेंब नाही, असं कसं चालेल रे? घरचं माणूस असतं तर?" त्यांनी उंदराला अलगद पिंजऱ्यात सोडले. "मग तुझी डिग्री?"

"बुडाली," मी म्हणालो आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने गाईडांच्या खोलीत गेलो. सगळे सांगायचे मी ठरवले होते. सांगितले असते तर काकांची चौकशी लागली असती, आणि त्यांच्या निवृत्तीला जेमतेम तीन वर्षे उरली होती. पण तोंड उघडल्यावर मी म्हणालो, "सर, यादीतल्या उंदरांना आदल्या दिवशी लावतो त्या पाण्याच्या बाटल्या मी नीट उकळल्या नव्हत्या. चूक माझी आहे." मी थोर मनाने काकांना वाचवले, असे इथे लिहायला मला फार आवडले असते. खरे कारण एवढेच की दोन वर्षे मी ज्याला मृत्यूची चाहूल म्हणत होतो ते तुळशीपत्र निघाले, हे सांगण्यापेक्षा बाटल्या घाण होत्या हे सांगणे मला कमी लाजिरवाणे वाटले. गाईडांनी माझ्या सिद्धांताचे कागद बाजूला सारले. "तो मौत की आहट बोतल में थी," ते म्हणाले, आणि सगळे प्रयोग पहिल्यापासून करायला सांगितले.

काकांना वाटले, मी त्यांच्यासाठी आळ अंगावर घेतला. ते माझ्या खोलीवर आले, डोळे पुसत म्हणाले, "तू माझं नाव नाही घेतलंस. आता तुझी डिग्री हाती येईपर्यंत मी एकालाही थेंब देणार नाही. शब्द आहे माझा." त्यांचा गैरसमज दूर करावा असे मला वाटले. पण त्यांच्या नजरेत मी एकदम इतका मोठा झालो होतो की खाली उतरवेना.

त्यांनी शब्द पाळला. मी चोरून तपासले. पिवळे ठिपके पुन्हा दिसले नाहीत. मेमध्ये एका रविवारी आत्याकडे जेवायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "भाऊजींनी काय नवीन व्रत काढलंय कोण जाणे. मधूनमधून गुरुवारी संध्याकाळपासून शनिवार सकाळपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. या उन्हात!" कोणते गुरुवार ते मी तिला विचारले नाही. दुसऱ्या दिवशी काकांना गाठले. ते पिंजरा धुता धुता म्हणाले, "त्यांचं पाणी मीच तोडलं ना आखिर? मग मी कसा पिऊ?" हे थांबवा, असे मी म्हणालो, थांबवणार नाहीत हेही मला ठाऊक होते. आणि पुढच्या गुरुवारी मी यादी चिकटवली. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. ती यादी दारावर चिकटवताना मला जी लाज वाटली ती आजही वाटते.

यथावकाश डिग्री मिळाली. बांधलेला प्रबंध आणि पेढ्यांचा पुडा घेऊन मी अ‍ॅनिमल हाऊसमध्ये गेलो. काकांनी हात धुऊन, पुसून प्रबंध घेतला, कपाळाला लावला आणि इंग्रजी पाने उगाच चाळली. मग त्यांनी विचारले, "त्यातून निघालं काय रे आखिर?"

मला खोटे बोलता आले असते. पण त्या माणसाशी एकदा गप्प बसून झाले होते, पुन्हा जमेना. "काही नाही, काका," मी म्हणालो. "अर्काचा काही परिणाम होत नाही, एवढंच सिद्ध झालं."

त्यांनी एकवार पिंजऱ्यांच्या रांगांकडे पाहिले. निम्मे पिंजरे तेव्हा रिकामेच होते. मी बोलणी खायला तयार होऊन उभा राहिलो. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि काय दिसले कोण जाणे, पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "मेले तर काशीतच ना? त्यांचं झालं भलं. तू नको वाईट वाटून घेऊ."

आणि पुड्यातला एक पेढा त्यांनी अख्खा तोंडात टाकला, आणि चांगला आहे म्हणाले.