थेंबभर दूध

आमच्या घरात चहा पहिल्यांदा आला तो सुतकाच्या वाटेने. मी तेव्हा त्या घरात नव्हते. माझं माहेर जळगावजवळचं पिंप्राळं, आणि मानमोडीची साथ आली तेव्हा मी परकर नेसून खेळत होते. सासर शिंदखेड्याचं. तिथली हकिगत मला पुढे सासूबाईंनीच सांगितली, आणि एकदा नाही, भाजी निवडताना, शेंगा फोडताना, पुन्हा पुन्हा सांगितली. थोरली सून गेली, मागोमाग तिचं तान्हं गेलं, आणि सासरे गेले. घरात चूल पेटेना. शेजारचा एक माणूस रेल्वेत होता, त्याच्याकडे चहाची पुडी होती. त्याच्या बायकोने पितळी तांब्यात चहा करून आणला, दुधाशिवाय, कारण सुतकाच्या घरी दूध नेत नाहीत. सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा चहा प्याला तो असा. मग थोरला मुलगा सुतक फिटताच जळगावच्या कापसाच्या जीनमध्ये कामाला गेला, तिथून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने थेट चीनला. मुलाने घर सोडण्याआधी घेतलेला शेवटचा घोट तोच, कोऱ्या चहाचा.

पुढे गावात घरोघर चहा आला, आमच्याकडेही आला. पण सासूबाईंच्या चहात दूध इतकं असे की तो चहा आहे हे सांगावं लागे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड बिनदुधाने पोळलं होतं.

मी धाकट्याशी लग्न होऊन गेले तेव्हा हे थोरले, माझे जेठ, चीनमध्येच होते. शांघायच्या बंदरात आपल्याकडच्या कापसाच्या गाठी उतरत, त्या फोडून कापूस कसा आहे ते बघायचं त्यांचं काम. पैसे येत, खुशाली येई, माणूस येत नसे. सासूबाई दर दिवाळीला त्यांच्या नावाचं पान वाढून ठेवत आणि मग ते गाईला घालत. माझ्या मनात येई की एवढी माया आहे तर येत का नाहीत, आणि येत नाहीत तर यांनी पान का वाढावं. पण नवी सून असं बोलत नसते.

तिकडे जपान्यांची लढाई पेटली तेव्हा ते परत आले. केस पांढरे, अंगावर कोट, बरोबर एक ट्रंक आणि एक लाकडी पेटी. पेटीला आतून शिशाचा पत्रा होता आणि ती चहाने भरलेली होती. आम्हाला वाटलं रेशीम असेल. माझं तोंड बघण्यासारखं झालं असेल, पण पदरामुळे कोणाला दिसलं नाही.

पदराचं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे धाकट्या सुनेने जेठासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. त्यांनीही तिच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं, खांबाला सांगायचं, दारातल्या मांजराला सांगायचं. घरात दुसरं कोणी नसलं की आमच्या मांजराला फार कामं पडत.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जेठांनी स्वतः पाणी ठेवलं. पुरुष माणूस चुलीपाशी बसलेला बघून मी दारातच थबकले. त्यांनी एका लहान मातीच्या भांड्यात चिमूटभर पानं टाकली. काळी, बारीक, पीळ दिलेली, टोकाला सोनेरी झाक. वर कढतं पाणी घातलं आणि लगेच गाळून वाटीत ओतलं. रंग लाल, स्वच्छ, वाटीचा तळ दिसत होता. आणि वास आला. चहाचा वास येतो हे मला माहीत होतं, पण हा चहाचा नव्हता. सातपुड्याकडची माणसं मोहाची सुकलेली फुलं बाजाराला आणत, त्या टोपलीवर वाकलं की येतो तसा काहीतरी गोड, जड, फळासारखा वास. मी दारात उभी राहून तो नाकात भरून घेत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या.

त्यांनी वाटीत बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं ते मी पाहिलं.

"कोन गया रे भाऊ?" त्यांनी विचारलं.

"कोनी नही, माय. चहा पी ऱ्हायनू."

"मन्हा घरमा बठ्ठा जित्ता शेतस. मन्हा घरमा कोरा चहा चालाव नही."

घरात सगळे जिवंत आहेत, एवढं बजावून त्या परसात निघून गेल्या. जेठ वाटी हातात धरून बसून राहिले. मग त्यांनी तो चहा तुळशीपाशी नेऊन ओतला.

तुम्ही म्हणाल एवढीशी गोष्ट. दूध घालून प्यावा की. त्यांनी तेही करून बघितलं. दूध, साखर, आलं, सगळं घालून सासूबाईंनी आपल्या हाताने खळाखळा उकळला. जेठांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. मीही मागे चाखला. दुधात सगळा वास बुडून गेला होता. नवीन पैठणी नेसून चिखलात बसावं, तसं झालं होतं. पेटीभर चांगला माल आणि घरात त्याला तोंड नाही, असं चालू राहिलं. जेठ पहाटे उठून बुराई नदीवर जात आणि वाळूतल्या झिऱ्यापाशी दगडांवर पाणी तापवून एकटेच चहा पिऊन येत. सासूबाईंना ते माहीत होतं. त्या रोज पहाटे दारात येऊन नदीच्या वाटेकडे बघत, आणि मुलगा परत दिसला की आत जाऊन काहीतरी काम काढत. वीसेक वर्षं वाट बघून आलेला मुलगा रोज पहाटे घराबाहेर जाऊन सुतकाचा चहा पितो, याने त्या आतून पोखरल्या गेल्या होत्या. त्यांना खरंच वाटे की हा असाच एक दिवस नदीवरून पुढे निघून जाईल.

एकदा पावसाने नदी भरली, जाणं झालं नाही. जेठ ओसरीवर बसले होते, मी आत तांदूळ निवडत होते. ते खांबाकडे तोंड करून बोलायला लागले. शांघायला उतरले तेव्हा घरचं मरण ताजं होतं. कोठारावर एक म्हातारा राखणदार होता, त्याने पहिल्याच दिवशी वाटीभर चहा पुढे केला, बिनदुधाचा. जेठांनी दुभाष्याला विचारलं, याच्या घरात कोण गेलं? दुभाषी हसला, पण विचारलं त्याने. म्हातारा हसला नाही. त्याने खरंच आठवून आठवून बोटांवर मोजलं, आईबाप, भाऊ, दोन मुली, आणि मग यांच्याकडे बोट दाखवलं, म्हणजे तुझं कोण? जेठांनी सांगितलं. म्हाताऱ्याने त्याच पानांवर पुन्हा पाणी घातलं. दुभाष्यासकट तिघेजण अंधार पडेपर्यंत तेच करत बसले. पानांचा रंग उतरत गेला, पण वास जात नव्हता.

"तठे बठ्ठाच कोरा पेतस," जेठ खांबाला म्हणाले. "कोनी मरेल नही ऱ्हास."

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. मला वाटलं आता विरघळतील. कुठलं काय.

चार दिवसांनी जेठांनी वळकटी बांधली. जळगावला खोली घेतो म्हणाले, जीनमध्ये ओळखी आहेत. कोणाला दोष दिला नाही. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. भाकरी करपत होती ती उलटलीसुद्धा नाही. मला त्या दोघांचाही राग आला. एकाला जायचं नव्हतं, दुसरीला जाऊ द्यायचं नव्हतं, आणि मध्ये काय, तर दूध. माझा स्वभाव तापट, माहेरीही म्हणत की हिच्या नाकावर राग. मी पदर पुढे ओढला, जेठांकडे पाठ केली आणि भिंतीला मोठ्याने म्हणाले, "ए भिंती, या घरात माणसं जास्त झाली असतील तर मीही पिंप्राळ्याला जाते. मग अक्कांनी एकटीने दूध पीत बसावं."

सुनेने सासूला, माझ्या अक्कांना, असं बोलायचं नसतं. मला वाटलं आता काही खरं नाही. सासूबाई उठल्या, माझ्याकडे आल्या, आणि मला बाजूला सारून त्यांनी मागच्या फळीवरचं जेठांचं मातीचं भांडं काढून चुलीजवळ ठेवलं.

"कर," त्या मुलाला म्हणाल्या.

जेठांनी वळकटी खाली ठेवली. पाणी खदखदलं तेव्हा पानांवर घातलं, वाटीत गाळलं. तो वास पुन्हा घरभर झाला. सासूबाईंनी वाटीवर वाकून तो घेतला, सावकाश.

"हाऊ ते बोरेस्ना वास शे," त्या म्हणाल्या. आणि मग स्वतःशीच, "वासले कसानं सुतक?"

त्यांनी दुधाच्या पातेल्यात करंगळी बुडवली आणि वाटीवर धरली. एक थेंब पडला. लाल पाण्यात पांढरा धूर पसरावा तसा पसरला आणि दिसेनासा झाला.

"एक थेंब पडना का सुतक फिटनं," त्या म्हणाल्या. "आते पी."

जेठ प्यायले. त्यांना थेंब लागला असेल का? मला नाही वाटत. पण पहिल्या घोटाला त्यांनी डोळे मिटले होते आणि ते लवकर उघडले नाहीत.

पुढे ते रोजचंच झालं. पाणी मी झिऱ्यावरून आणी, कारण विहिरीच्या जड पाण्यात तो चहा काळपट पडे, वर साय आल्यासारखा तवंग धरी. कधी ओतायचं, कधी गाळायचं ते मला मांजराकडून कळे. "आते उतारनं पडी," जेठ मांजराला सांगत आणि मी उतरवी. पहिलं पाणी मनातल्या मनात एक ओवी होईपर्यंत ठेवायचं, दुसरं त्याहून कमी, मग हळूहळू वाढवत जायचं, हे मला मांजराने न सांगताच कळायला लागलं. उरलेल्या पानांवर पाणी घालून मी आत बसून प्यायची, कोरा, चोरून. मोहाचा वास आधी येई, मग घशात गुळाची कढई खरवडल्यासारखं काहीतरी, आणि पेला रिकामा झाला तरी तळाशी एक गोडी राही. सासूबाई म्हणत बोर, मी म्हणे मोह. जेठ म्हणत तिकडे एक फळ असतं, सोललं की आतून बुबुळासारखं दिसतं, त्याचा वास हा. आम्ही ते फळ कुठे बघणार. सासूबाई म्हणत, काहीही सांगतो, बोरंच ती.

त्या स्वतः तो चहा कधी प्यायल्या नाहीत. पण करंगळी त्यांचीच. आजारी असल्या तरी मला वाटी खाटेपाशी न्यावी लागे. मोठ्या लढाईत साखर मिळेना, घासलेट मिळेना, म्हैस आटली. सासूबाई शेजारून वाटीभर दूध मागून आणत, त्यातला एक थेंब मुलाला, बाकी नातवंडांना. मी थट्टेने म्हणे, अक्का, तुमच्या थेंबासाठी म्हैस पाळावी लागते. त्या हसत.

त्या गेल्या तेव्हा पेटीच्या तळाशी चुरा तेवढा राहिला होता. घरात चूल पेटणार नव्हती. मी चुऱ्याची चिमूट पदरात बांधली, झिऱ्याच्या पाण्याची कळशी उचलली आणि शेजारणीच्या चुलीवर तो चहा केला. शेजारपाजारचे, भाऊबंद, सगळे ओसरीवर बसलेले. सगळ्यांना शेजारच्या साध्या पुडीचा कोरा चहा फिरला होता. मी जेठांची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. आज त्यांना कोणी अडवणार नव्हतं. एकेकाळी ज्या चहासाठी झगडा झाला, तो आज घराच्या रीतीनेच कोरा होता. मला वाटलं, निदान हा एक घोट तरी त्यांना मनासारखा मिळेल.

त्यांनी वाटी उचलली नाही. वासावर वाकले आणि तसेच राहिले. चहा निवत चालला. मग त्यांनी खांबाकडे बघितलं नाही, मांजराकडे बघितलं नाही. त्यांनी मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं, सगळ्या लोकांदेखत.

"पोर," ते म्हणाले, "थेंब टाक."

बायकांमध्ये कुजबुज झाली. सुतकात दूध, आणि जेठ सुनेशी बोलतो. तोवर मी रडले नव्हते, तेव्हा मला रडू फुटलं. मी उठले. म्हशीला सुतक कळत नाही, तिची धार सकाळीच काढली होती आणि बादली गोठ्यात तशीच झाकून ठेवली होती. मी वाटीत थोडं दूध घेतलं आणि परत येऊन जेठांपुढे बसले. पदर मागे सरकला होता, तो मी ओढला नाही. करंगळी दुधात बुडवली आणि त्यांच्या चहावर धरली.