सासूबाईंचा साखऱ्या काजू

आमच्या सासूबाई, शेवंती, म्हणजे हट्टाचं गाठोडं. पंचवीस वर्षं मी ते वाहतेय, म्हणून बोलायचा हक्क माझा.

त्यांच्या लग्नात त्यांच्या आईने केरीहून काजूचं एक रोप दिलं. ते पेडण्याला आमच्या भाटात, म्हणजे बागेत, लावलं. आईच्या झाडापेक्षाही हे गोड निघालं, म्हणून नाव पडलं साखऱ्या. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, लांबट, पिवळा, देठाकडे लालसर. खाल्ला की घसा मुळीच खवखवत नाही. बी मात्र बारकी, म्हणून बाजारात कोणी विचारत नाही. सासूबाईंनी सातदा बिया पेरल्या, सातही झाडं आंबट निघाली. आईसारखी लेक होईल, ही खात्री काजूच्या घरी नसते.

यंदा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि नेमकं हेच झाड त्यात गेलं. नर्सरीवाला योगेश म्हणाला, कलमं बांधू, म्हणजे गोडी तीच राहील. पण काड्यांची पानं छाटून दहा दिवस त्या झाडावरच ठेवायच्या, डोळे, म्हणजे कोंब, फुगले की मग कापायच्या. पानं छाटायला सासूबाई स्वतः शिडीवर चढल्या. बहात्तराव्या वर्षी! मी खालून बोंबलतेय, ऐकतंय कोण?

चौथ्याच दिवशी जेसीबी दारात. चालक विठू आणि चार कामगार, सगळे सावंतवाडीकडचे.

"आजये, आमका हुकूम आसा," विठू म्हणाला. मला रडूच फुटलं.

सासूबाईंनी नारळ आणला, बुंध्याशी ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं: "बा देवा राखणदारा, तुझ्या पायाकडे नारळ ठेवतंय. काड्या हातात येयपर्यंत, सहा दीस, ह्या झाडाक कोणी हात लावूचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पाचही जण एका सुरात बोलून गेले. गाऱ्हाण्याला होकार भरायची जन्माची सवय, दुसरं काय!

जागेच्या राखणदाराला हो म्हटल्यावर हात लावणार कोण? विठूने कपाळावर हात मारला. "आजये, फसयलंस गो!" त्याने मुकादमाला फोन करून यंत्र बिघडल्याचं सांगितलं.

सातव्या दिवशी काड्या कापून झाल्यावर सासूबाईंनीच त्याला बोलावलं. झाड पडलं तेव्हा त्या मागच्या दारी जाऊन बसल्या. दिवसभर जेवल्या नाहीत.

चाळीस कलमांतली नऊ जगली. एक भाटात लागलं. एक विठूला, सात गावात वाटली. मी भडकले, "एवढं मर मर करून लोकांना वाटताय?"

"पन्नास वर्सां लोक काडी मागित होते," त्या म्हणाल्या. "एकाकय काडी दिली नाय मी. म्हणान एका जेसीबीन सगळा संपत होता."